करुणाच्या निळ्या रेघा

करुणा ओव्हाळला हवेत रेघा दिसायच्या. डबा खाता खाता तिचं बोट वर जायचं, एक रेघ ओढायचं, वळवायचं, खाली आणायचं. मग मान तिरकी करून ती त्या रिकाम्या जागेकडे अशी बघायची की मीही नकळत तिकडे बघायचो. तिथे पंखा असायचा आणि पंख्यावरची धूळ. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पोरगी जरा सटकलेली आहे. आमच्या शेठना तसं सांगायचंही मी ठरवलं होतं, पण त्या दिवशी लाइट गेले आणि चिडायला मला दुसरं कारण मिळालं.

हे शिरूरचं, दोन हजार पाच सालचं. नगर रस्त्याला मारुतरावशेठचं वर्कशॉप होतं. पाइप कापायचे, वाकवायचे आणि वेल्डिंग करून त्यांचे सांगाडे उभे करायचे, हे आमचं काम. रांजणगावच्या कारखान्यांना जिन्याचे कठडे लागत, डेअरीवाल्यांना टाक्यांचे स्टँड. शेठनी हौसेने कॉम्प्युटर घेतला, त्यात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मला पुण्याला आठ दिवसांच्या क्लासला धाडलं. मी नवनाथ, न्हावऱ्याचा. घरी ऊस, कांदा, चार म्हशी, आणि मला त्यात रस वाटेना म्हणून हा उद्योग. आठ दिवस शिकून आलो आणि तालुक्यात आपल्याएवढं शहाणं कोणी नाही अशा थाटात खुर्चीत बसलो.

वर्षभराने काम वाढलं तेव्हा करुणा आली. दौंडची, आयटीआय झालेली, चोवीस वर्षांची. तिचे वडील ज्ञानदेवआप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून नुकतेच रिटायर झाले होते. तिचं लहानपण सगळं रेल्वे कॉलनीत गेलेलं. तिने मला एकदा सांगितलं, ती म्हणे दुपारभर रुळाकडेच्या तारेशी बसून राहायची. केबिनमध्ये कोणीतरी दांडा ओढायचं, तिच्या पुढ्यातली तार सरकायची, आणि लांब उन्हात सिग्नलचा हात खाली पडायचा.

"हिकडं वढलं की तिकडं हालतंय, दादा. मधी कुणीच न्हाई. मला ते सपनातल्यावानी वाटायचं."

मी म्हटलं, "बरं. आता तो कठडा पुरा कर."

आमच्या कॉम्प्युटरमध्येही तिला तेच सापडलं असावं. तिथे रेघ कागदावर पडून राहत नाही, हवेत उभी राहते. आधी ती निळी असते. निळी म्हणजे मोकळी. माउसने तिचं टोक धरून ओढलं की ती येते, आणि तिला जोडलेला सगळा सांगाडाही तिच्यामागे डुलत येतो. मग तिला एकेक गोष्ट सांगावी लागते. तुझं हे टोक या खांबावर. तू ओळंब्यात उभी. तू हिच्याशी काटकोनात, तुझी लांबी एवढी. वर-खाली, डावी-उजवी आणि आत-बाहेर, तिन्हीकडून सांगून पुरं झालं की रेघ काळी होते. मग कितीही ओढा, ती जागची हलत नाही.

करुणाला निळ्या रेघांचा नाद लागला. सांगाडा काळा करायच्या आधी ती त्याचा एक कोपरा धरून हळूच ओढायची आणि विहिरीतल्या पडछायेसारखा तो सगळा हलायचा, लांबायचा, परत यायचा. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा निळसर दिसायचा. बाहेर ग्राइंडर किंचाळत असे, ट्रकच्या मागे ट्रक जात, आणि ही आपली कुठेतरी तळाशी बसून वर बघतेय अशी. "बघा की, पोहतंय," ती म्हणायची. मी डाफरायचो, पण बघायचो.

तिची आणखी एक सवय होती, ती मला तेव्हा गुण वाटायची. काम पुरतं काळं झाल्याशिवाय ती त्याबद्दल तोंड उघडत नसे. शेठनी विचारलं, झालं का, तर "बघते" एवढंच. घरीही तसंच असणार. बारावीचा निकाल हातात पडेपर्यंत परीक्षा कशी गेली हे तिने आप्पांना सांगितलं नव्हतं म्हणे. मी सगळ्यांना सांगायचो, अशी माणसं पाहिजेत, कामाआधी डंका नाही.

आप्पांचं मूळ गाव निमोणे. तिथल्या वस्तीत बुद्धविहार बांधून होत आला होता. चौकोनी खोली, कोपऱ्यांना चार खांब, मधोमध मूर्तीसाठी चौथरा, आणि वर पाइपच्या सांगाड्यावर घुमट. चार खांबांवरून चार पाइप कमानीसारखे वर जाणार आणि चौथऱ्याच्या डोक्यावर एका कड्याला मिळणार. आप्पांनी वस्तीच्या बैठकीत सांगून टाकलं, घुमटाचं आमची करुणा बघंल. पुढच्या वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन ठरलं. शेठनीही मोठ्या मनाने वर्कशॉप वापरायला दिलं.

करुणाने तो घुमट एप्रिलमध्ये काढायला घेतला. काढायला कसला, ती त्यात राहायलाच गेली. खालून बघायची, वरून बघायची, चौथऱ्यावर बसल्यासारखी आतून बघायची. तिकडे एका कारखान्याचं घाईचं काम माझ्या डोक्यावर बसलेलं. माझा पारा चढला.

"किती खेळत बसतीस? सगळं निवड, फिक्स मार आन् मोकळी हो."

फिक्स नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की रेघ जिथे असेल तिथे खिळा ठोकल्यासारखी बसते आणि काळी दिसते. कोणाशी नातं सांगावं लागत नाही, माप द्यावं लागत नाही. क्लासमध्ये मास्तरांनी बजावलं होतं की हे वापरू नका. मी पहिल्यापासून तेच वापरत होतो. करुणाने बटण दाबलं. घुमट एका क्षणात काळा झाला.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "पण दादा, ह्यास्नी कुणी काय सांगितलंच न्हाई की."

"रेघांना काय सांगायचं असतं?" मी म्हटलं, आणि तिच्याकडे कठड्याची फाइल सरकवली.

पौर्णिमेच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी मी निमोण्याला आत्याकडे गेलो होतो. करुणाही शेवटची मापं घ्यायला येणार होती, म्हणून टेप धरायला गेलो. आत्या निमोण्यात दिल्याला तीस वर्षं झाली, पण त्या वस्तीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. पोरांनी जय भीम घातला, मीही घातला. कुणीतरी पाणी आणलं. विहाराच्या भिंतींना नुकता चुना लागला होता आणि दुपारच्या उन्हात तो सगळा चौकोन जमिनीपासून वीतभर वर तरंगतोय असं वाटत होतं.

करुणाने तीन खांब मोजले. चौथ्यापाशी ती थांबली. तो दीड फूट आत होता.

"पिंपळ व्हता ना तिथं," गवंडी म्हणाला. त्याच्या बोलण्यात अपराधीपणा अजिबात नव्हता. "म्हनून खांब जरासा आत घेतला. थोडंच हाय की."

खांबाबाहेर पिंपळाचं झाड होतं. खोड मनगटाएवढं, उंची माणसाहून थोडी जास्त. विठाबाईंचं झाड. विठाबाई म्हणजे आप्पांची चुलती, सत्तरी ओलांडलेली, अजून कांदा काढायला जाणारी. पाच वर्षांपूर्वी त्या नवऱ्याबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या तेव्हा म्हाताऱ्याने ते रोप दौंडपर्यंत रेल्वेत मांडीवर धरून आणलं होतं. त्याच वर्षी तो गेला. रोप दोनदा शेळीने खाल्लं, दोनदा फुटलं. वस्तीत कोणाला ते झाड कापायचं सुचलंच नाही, आणि खांब सरकवला हे करुणाला कळवायचंही सुचलं नाही.

कामावर देखरेख करणारे पोपटआबा जवळ आले. करुणाचा चेहरा बघून त्यांना कळलं असावं.

"पाइप बसत्याल का?"

"बघते," करुणा म्हणाली.

"हे बघ पोरी, बसत नसतील तर येत्या रविवारपतोर सांग. सोमवारी गवंडी लावतो, खांब पाडून जागेवर घेतो. पन मंग झाड ठेवता यायचं न्हाई. पुर्निमेला घुमट बिगर राह्यला नको. आप्पानं सगळ्यांम्होरं शबूद दिलाय."

विठाबाई चौथऱ्याच्या पायरीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी झाडाचं नावही काढलं नाही. वर उघड्या आभाळाकडे बोट करून एवढंच विचारलं, "हितनं वर बघितलं का मधोमध दिसंल न्हवं गं?"

करुणाने मान हलवली आणि टेप गुंडाळला.

सोमवारी तिने घुमट उघडला. एक खांब दीड फूट सरकवायचा, बस. पण खांब सरकेना. सगळं खिळलेलं. तिने खिळे काढले, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो काळा, ठाम घुमट निळा झाला. तिने एक टोक धरलं तर चारही कमानी शेवयांसारख्या लोंबल्या. कोणाला काही माहीत नव्हतं. कोणती कमान कोणत्या खांबाची, कुठून निघायचं, कुठे मिळायचं. हा वाईट धडा तिला मीच दिला होता, आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात लाइट रोज पाच-सहा तास जायचे. यूपीएस शिट्टी मारायला लागला की ती सेव्ह करायची आणि अंधारलेल्या पडद्यासमोर तशीच बसायची. बोट हवेत चालू. पत्र्याचं शेड तापून टकटक वाजत असे. मला वाटायचं, ही आता निमोण्यात आहे, त्या खोलीत, आणि पाइप एकेक करून तिच्या डोक्यावरून जातायत. लाइट आले की ती परत त्या रेघांना सांगायला बसायची. खरंच ओठ हलायचे तिचे. तू ह्या खांबाच्या डोक्यावरनं निघ. निघताना सरळ वर बघ, मग वळ. तू चौथ्या खांबाची, तुझा खांब आत हाय, मग तू आखूड हो.

गुरुवारी तिने मला हाक मारली. घुमट काळा होता. समोरून अगदी देखणा दिसत होता, मी शाबासही म्हणालो. तिने माउस धरून तो बाजूने फिरवला, आणि वरचं कडं चौथऱ्यावर नव्हतं. ते पलीकडे सरकलं होतं, बरंच. तिने कड्याला सांगितलं होतं की चार खांबांच्या मधोमध राहा, आणि ते बिचारं इमानाने राहिलं होतं. एक खांब आत आला तसा मधोमधही हलला. समोरून ते कळत नाही. त्या हवेतल्या रेघांचं हेच वाईट, आतबाहेरची चूक समोरच्या माणसाला दिसत नाही.

तिने नजर चौथऱ्यावर नेली आणि आतून वर बघितलं. मग म्हणाली, "विठाआज्जी म्हनली व्हती, हितनं वर बघितलं का मधोमध दिसंल का. मधोमध खांबांच्या न्हाई, दादा. बसणाऱ्याच्या."

तिने कड्याचं खांबांशी असलेलं नातं तोडलं. ते निळं होऊन भटकायला लागलं. मग तिने चौथऱ्याच्या मध्यातून एक रेघ ओळंब्यात वर नेली, तिला उंची दिली आणि कडं तिच्या टोकाला बांधलं. एकेक कमान काळी होत गेली. पहिली, दुसरी, तिसरी. शेवटी चौथी, आखूड, जरा ताठ, झाडाला वाट देऊन उभी राहिल्यासारखी. एकही खिळा नव्हता. मग तिने गंमत म्हणून दीड फुटाचा आकडा दोन केला. खांब सरकला, चौथी कमान आपोआप आखडली, बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत, आणि सगळं काळंच राहिलं. तिने परत दीड केला. इतके दिवस मी जे करत होतो ते ड्रॉइंग नव्हतंच, असं मला त्या दिवशी वाटलं.

शुक्रवारी पाइप कापले, शनिवारी-रविवारी वाकवले. चारही पाइपांवर तिने खडूने आकडे घातले. पोपटआबांच्या घरी फोन होता. तो नंबर तिच्या वहीत होता. रविवारी दुपारी मी तिला म्हणू शकलो असतो, एक फोन कर, झाड ठेवा म्हणून सांग. मला सुचलं नाही असं नाही. मला वाटलं, जाऊ दे, बसवूनच सांगेल, तिची पद्धतच आहे ती. आप्पांनाही तिने अक्षर सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी टेम्पोत पाइप टाकून आम्ही निमोण्याला निघालो. ती पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे पाइपांवर. वाटेत शेताकडेला रचलेल्या कांद्याच्या अरणी, हवा अजून गार, आणि ती खिडकीतून मागे वळून पाइपांकडे बघून हसत होती. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

विहारापाशी गवंडी हातात पहार घेऊन चौथ्या खांबासमोर उभा होता.

"थांबा!" करुणा टेम्पो थांबायच्या आत ओरडली. "हात लावू नगा! बसतंय! तसंच बसतंय!"

ती धावत गेली आणि खांबापाशी जाऊन एकदम उभी राहिली. खांबाबाहेर खड्डा होता. कमरेएवढा, ओली माती वर काढून ठेवलेली. पिंपळ तिथे नव्हता.

विठाबाई भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. हातांना माती, नखं फुटलेली. शेजारी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात झाड उभं केलेलं, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. पानं मलूल पडली होती. पोपटआबा खाली बघत होते. त्यांनी सांगितलं, काल सगळी पौर्णिमेच्या वर्गणीला अन् कामाला गेली होती. म्हातारीने एकटीने दिवसभर खणलं. संध्याकाळी येऊन बघतो तर झाड बाहेर.

"जागा मोकळी केली तुला," विठाबाई म्हणाल्या. "कुणी कापायच्या आदी म्याच काढलं, मुळासकट. आईतवार उजाडला तरी तुझा निरोप न्हाई. म्हनलं, पोरीचं चुकलं आसंल, सांगायची लाज वाटत आसंल. तुझ्या बापाचा शबूद खाली पडाया नको."

करुणा टेम्पोकडे बोट दाखवत राहिली. शेवटी मीच सांगितलं, की आजी, चौथा पाइप तिने तुमच्या झाडासाठी आखूड केलाय. आठ दिवस तेच करत होती ती.

विठाबाईंनी टेम्पोतल्या पाइपांकडे बघितलं, मग खड्ड्याकडे. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग तू काय बोललीच न्हाईस की गं, पोरी," त्या म्हणाल्या.

करुणा खड्ड्याच्या काठावर खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली. मीही दुसरीकडे तोंड केलं. तिच्या त्या गप्प राहण्याचं मी वर्षभर कौतुक करत आलो होतो.

मग तिनेच डोळे पुसले आणि झाड परत लावायला घेतलं. पाइप बाजूला राहिले. विठाबाईंनी मुळं सोडवली, करुणाने आणि मी खोड सरळ धरलं, पोपटआबांनी माती लोटली, गवंड्याने पहार टाकून हंडे आणले. त्यानंतर दुपारी घुमट चढवला. चारही पाइप बसले, केसाचा फरक पडला नाही. चौथ्याचं टोक खांबावरच्या पट्टीला टेकलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणा चौथऱ्यावर बसून वर बघत होती. कडं बरोबर तिच्या डोक्यावर होतं आणि त्यातून आभाळाचा एक गोल तुकडा दिसत होता.

पौर्णिमेपर्यंत पिंपळाची सगळी पानं गळली. उद्घाटनाला मी गेलो. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, लोक घुमट बघून आप्पांची पाठ थोपटत होते. आप्पा भिजल्या डोळ्यांनी सगळ्यांना करुणा दाखवत होते. ती मात्र त्या उघड्या काठीपाशी विठाबाईंबरोबर उभी होती. पुढे जून गेला, पाऊस झाला, तरी काठी काठीच राहिली. वरचा हातभर भाग वाळून मोडला. करुणा दर रविवारी दौंडहून निमोण्याला जायची आणि सोमवारी माझ्या शेजारी येऊन बसायची. मी झाडाचं विचारायचो नाही. विचारलं तर ती "बघते" म्हणेल याची मला भीती वाटायची.

आषाढातल्या एका सोमवारी ती आली, पिशवी ठेवली आणि कॉम्प्युटर चालू न करताच माझ्याकडे वळली.

"दादा, बुडाशी कायतरी हिरवं दिसतंय. कोंबावानी. आज्जीला काल म्याच दावलं."

"कोंबच आहे?"

"नक्की न्हाई अजून," ती म्हणाली. "शेवाळ बी आसंल. पन सांगून ठेवलं."